काळं हाय न्हवं?

बाबालाल मुजावर उद्यमनगरात
एकतीस वर्षं भट्टीसमोर उभा होता.
नुसत्या नजरेनं लोखंडाचा ताप सांगायचा.
"आता वत," म्हणायचा, आणि आम्ही ओतायचो.
मीटर आलं तरी पोरं आधी त्याच्याकडं बघायची.

त्याच उजेडानं त्याचे डोळे नेले.
लेकाकडं मिरजेला जाताना
डालड्याच्या डब्यातलं झाड माझ्या हातात दिलं:
जाड पानांची, वीतभर रुंद चकरी,
रंग पिकल्या जांभळाचा, अगदी काळ्यावर आलेला,
वर राखेसारखी साय.
"सायीला बोट लावू नगंस.
एकदा पुसली की त्या पानावर परत येत न्हाई."

पहिली चूक मी मायेनं केली.
कारखान्यातली काळी वाळू आणली, दोन घमेली.
काळ्याला काळं, म्हटलं.
त्यात बेंटोनाइट असतं हे विसरलो,
मी, ज्यानं उभा जन्म साचे भरले!
साच्याची वाळू पाणी धरते, धरायलाच हवं,
आणि ह्या झाडाला
धरून ठेवणारं कुणी चालत नाही.
खालची पानं काचेसारखी झाली,
बोट लावलं की गळायची.

दाढीच्या पात्यानं देठ कापला.
कळंब्याच्या नर्सरीतली तबस्सुम म्हणाली,
काका, आठ दिवस तसंच उघडं ठेवा,
जखम सुकल्याबिगर मातीत घालायचं नाही.
कपाटावर, रेशनकार्डाशेजारी, ठेवलं.
मग विटांचा चुरा, जाड खडी, मूठभरच माती.

जुलैत सगळी गल्ली फुटांत बोलत होती:
राजाराम बंधारा एकोणचाळीस, एक्केचाळीस,
रात्रीत किती चढलं.
मी जिन्यातल्या खिडकीखाली
कुंडीत बोट घालून बघायचो.
माती कोरडी. झाड जिवंत. पण
मधली पानं हिरवी.
कोबीसारखी, साधी, ओळख न दाखवणारी हिरवी.

शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन.
"काळं हाय न्हवं?"
"हाय की."
पुढच्या शुक्रवारीही हाय की.
श्रावण संपला तरी हाय की.

तबस्सुम म्हणाली, काळं ते जन्माला घेऊन येत नाही.
ऊन फार झालं की स्वतःवर ओढून घेतं,
आतलं हिरवं जळू नये म्हणून.
मी कळंब्याहून चालतच आलो.
कंपनीनं बाबालालला निळ्या काचेचा चश्मा दिला होता.
तो खिशात असायचा.
काचेतनं ताप कळत न्हाई, म्हणायचा.

ऑक्टोबरात कुंडी गच्चीवर काढली.
पहिल्या दिवशी तासभर ऊन, मग दोन तास,
एकदम नाही, एकदम दिलं तर डाग पडतात.
रोज सकाळी बघायचो, काही दिसायचं नाही.
दिवाळीच्या आदल्या दिवशी
कडेनं काळं आत सरकलेलं दिसलं.

डिसेंबरात तो आला. गुऱ्हाळांचा वास सुटला होता.
जिना मोजत चढला, एकवीस पायऱ्या, बरोबर.
कुंडीपुढं उकिडवा बसला
आणि सगळ्यांत मोठ्या पानावर अंगठा ठेवला,
जोरात, पेन्शनच्या कागदावर ठेवतात तसा.
मी काही बोललो नाही.
"काळं हाय न्हवं?"
"हाय."
"आता खरं बोललास," म्हणाला.
"पावसाळ्यात माझं बी दरसाल हिरवंच व्हायचं, मर्दा."
आणि खोकला येईस्तोवर हसला.

साय पुसलेल्या जागी
त्याच्या अंगठ्याच्या रेघा राहिल्या, स्पष्ट.
नवी पानं मधून येतात, जुनी खाली जातात.
ते पान आता खालून दुसऱ्या ओळीत आहे.
वाळलं की काढून टाका, तबस्सुम सांगते,
त्याच्याखाली पांढरी कीड बसते.
बघू, म्हणतो मी.
फुंकर मारून खालचं झाडून घेतो.