पायातला र

तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो हातोडा हा नव्हे.
हा माझा, मिरजेच्या बाजारातला, दांडा दोनदा बदललेला.
आज्जाचा कुठंय ते शेवटी सांगतो.
बसा. टायर आहे तिथं, त्याच्यावर बसा.

आमचं आडनाव नालबंद, पण घोडा मी जत्रेतच पाहिला.
आज्जा मौलाली, त्यानंही जन्मभर बैलच पाडले,
चारी पाय एका कासऱ्यात बांधून
खुरांना पत्री ठोकली. एका बैलाला आठ.

तुमच्या वहीत लिहिलंय 'पत्री सरकार'.
आधी ते प्रति होतं. इंग्रजाच्या शेजारी मांडलेलं दुसरं.
गुरव मास्तर फळ्यावर काढून दाखवायचे :
हा प, ह्याच्या पायात र, तिरका, खिळ्यासारखा.
लोकांच्या जिभेनं तो उपटला
आणि पुढच्या त-च्या पायात ठोकला.
प मोकळा झाला, चालायला लागला.
त तेव्हापासून लंगडतोय.

आणि शब्द लंगडला की त्याला गोष्टीची काठी लागते.
खबऱ्याला म्हणे पालथा पाडायचे,
तळव्याला पत्री ठोकायचे, बैलाला ठोकतात तशी.
कुणी म्हणतं ठोकली, कुणी म्हणतं नुसते फटके.
मी काही तिथं नव्हतो.
मला एकाच पायाचं माहीत आहे.

दौलू झांबऱ्याचा डावा.

आमच्या बोरजाईवाडीला ओढ्याच्या अल्याड खालसा, पल्याड संस्थान.
अल्याडचा फौजदार पाण्यात बूट घालायचा नाही.
(सांगली जिल्हा तेव्हा जन्मायचा होता. आम्ही साताऱ्यातले.)
रात्री ओढ्यातनं गाड्या जायच्या, वर कडबा.
कडब्याखाली काय, आज्जानं कधी विचारलं नाही.
एकदा एका बैलाची पत्री निखळली, तो दगडातच बसला.
आज्जानं कंदिलाला पोतं गुंडाळलं, ठोकायला घेतलं,
कासरा दौलूनं धरलेला.
तिसऱ्या खिळ्याला बैल उसळला
आणि त्याचं सगळं वजन दौलूच्या पावलावर.

गावानं काय ऐकलं?
लोखंडावर लोखंड. मग माणसाची किंकाळी.
मग काहीच नाही.
सकाळी दौलू लंगडत परसाकडं निघाला
आणि गावाचा हिशोब जुळला.

सांगणार कसं? बैलाचं नाव घ्यावं तर मागनं गाडी निघते.
म्हणून त्यांचंच काम करता करता
दौलू खबऱ्या झाला.
त्याच्या विहिरीवर कुणी पाण्याला येईना.
पोरीचं स्थळ दोनदा मोडलं.

स्वातंत्र्य आलं तेही आधी अल्याडच.
पल्याड पुढच्या मार्चात, संस्थान विलीन झालं तेव्हा.
मधले सात महिने
म्हशी तेवढ्या दोन्ही काठांना चरायच्या.

आज्जा म्हणाला, आता चावडीवर सांगून टाकतो.
दौलू म्हणाला, "नको, मौला.
माझ्या पायाच्या भ्यानं आठ गावांत
कुणी तोंड उघडलं नाही.
आता खोटं होतं म्हणालास
तर पुन्यांदा कोण भिईल?"
मग जरा थांबून, "पोरगीबी आता नांदतीया."

पुढं पेन्शनचे फॉर्म निघाले. मीच त्याला तालुक्याला नेला.
'पुरावा' असं जिथं लिहिलं होतं
तिथं दौलूनं बूट काढून पाय टेबलावर ठेवला.
कारकून कुंडलकडचा. त्यानं पाय पाहिला,
मग दौलूकडं पाहिलं,
आणि फॉर्म न बोलता परत सरकवला.
येताना एस्टीत दौलू इतका हसला
की कंडक्टरनं तिकीट दोनदा विचारलं.

हातोडा त्याच्याच घरी आहे.
आज्जानं मरायच्या आधी नेऊन दिला, का ते बोलला नाही.
दौलूची सून त्यानं गुळाची ढेप फोडते.
फोटोला आत्ता जाऊ नका,
दुपारची ती जरा पडलेली असते.