केतकीला, जहाजावर जाण्याआधी

केतकी, पहिलं म्हणजे आदल्या दिवशीच मुंबई गाठ.
घाटात एखादा कंटेनर आडवा झाला
तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही,
ती काही स्वारगेटची शिवनेरी नव्हे.

औषधं हातातल्या पिशवीत.
मोठ्या बॅगा खोलीवर येतात संध्याकाळी, सावकाश,
आणि मामंजींची रक्तदाबाची गोळी दुपारी दोनची.
जहाजाच्या दवाखान्यात एका गोळीला जे पैसे पडले
ते मी अजून हेरंबला सांगितलेले नाहीत.

खोली घे मधोमध, खालच्या मजल्यावर.
खिडकीचा हट्ट नको,
पोट ढवळायला लागलं की कुणी बाहेर बघत नाही.
आलेपाक घरी कर. आलं झोंबेल इतकं घाल.

आणि हे कुणीच सांगत नाही:
तिथल्या भिंती लोखंडी असतात.
बोहरी आळीतून लोहचुंबकाचे हुक आणले होते मी,
ओले टॉवेल, निषादची पोहायची चड्डी, चष्म्याची दोरी,
सगळं भिंतीला.
चार आणले होते. तीन तुला देते.

फोन चालणार नाहीत, चालले तर बिल बघवणार नाही.
म्हणून भेटायची जागा ठरवा, मुलांकडून पाठ करून घ्या.
आमची होती पाचवा मजला,
पियानोशेजारचं खोटं केळीचं झाड.
दुसऱ्या रात्री तिथे निषाद आला, हेरंब आला.
मामंजी नाहीत.

जेवणघरात नाहीत, जादूच्या खेळाला नाहीत,
हेरंब जुगाराच्या खोलीतही डोकावून आला
(जरा जास्तच वेळ).
पहाऱ्यावरच्या मुलीने विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा?
केतकी, मला आठवेना.
सकाळी मीच इस्त्री केलेला शर्ट.
तेव्हा रोज खोलीतून निघताना
सगळ्यांचा एक फोटो काढत जा.
हसले नाहीत तरी चालेल.

सापडले अगदी मागच्या टोकाला,
जिथे पाणी फाटत जातं पांढरं, लांबवर.
कठड्याला टेकून त्यावर बॅटरी मारत होते.
शर्ट राखाडी होता.
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात,
रात्रपाळीला खडकवासल्यापासून कालव्याच्या काठाने
हीच बॅटरी घेऊन चालायचे.
मी बोलायचं तोंडात तयार ठेवलं होतं.
तर म्हणाले, "इथे पट्टी कुठे लावली आहे गं?
पाणी किती, ते कसं कळतं यांना?"

मग थोड्या वेळाने,
"जन्मभर पाणी सोडलं. इतके क्युसेक, तितके क्युसेक.
पोचतं कुठे, ते बघायचं राहिलं होतं."

मी पुण्याची. राहवलं नाही.
म्हटलं, मामंजी, हा अरबी समुद्र.
आपली मुठा भीमेला, भीमा कृष्णेला,
तुमचं पाणी गेलं तिकडे, पूर्वेला.

"ते मला सांगतेस?" म्हणाले.
"चुकीच्या समुद्रात आलोय आपण."
आणि इतके हसले
की कठडा धरावा लागला. मलाही.

हं, शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला लावतात.
एक कपड्यांचा जोड आधी काढून ठेव,
नाहीतर हेरंबसारखी
पायजम्यावर मुंबई बघावी लागेल.
घरी आल्यावर दोन दिवस ओटा हलल्यासारखा वाटतो.
मी आनंदनगरात, चौथ्या मजल्यावर,
कढई धरून उभी होते.
जातं ते.

चौथा हुक त्यांच्या खोलीत, लोखंडी कपाटाला.
त्यावर बॅटरी असते.
कालव्याला आवर्तन सुटलं की रात्री तो हुक रिकामा दिसतो,
आणि मी दाराला कडी न लावता पडून राहते.
तो मागू नकोस.

बाकीचे तीन परत आण.
आणि एकमेकांना चिकटवून ठेवू नकोस,
सोडवताना नख तुटतं.