एक नंबर मोठा

शलाकाच्या पायाचं माप मी संध्याकाळी घेतलं.
सकाळचा पाय खोटं बोलतो,
हे चप्पल लाइनीतलं शेंबडं पोरही सांगेल.
पाठीवर पंधरा किलो वाळू घेऊन
जोतिबाच्या पायऱ्या दोनदा करून आली होती;
पाय तापलेला, फुगलेला, खरा.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर टेकवला
आणि पेन्सिल उभी धरून कडेनं फिरवली.
डावा उजव्यापेक्षा दोन सूत लांब.
करंगळी बाहेर फाकलेली,
सातवीत खो-खोच्या खांबानं मोडलेली.

सुभाषनगरात तीस वर्षं मी एकच वाक्य विकलं:
चावू दे आठ दिवस, तेल पाजा,
मग तुमच्या पायाचं होतंय.
आणि होतंय. कातडं ऐकतं.
बाभळीच्या सालीत मुरलेलं, ठोकून नमवलेलं,
गिऱ्हाइकाच्या चालीचं वळण
मुकाट्यानं घेतं.

हा बूट ऐकणाऱ्यातला नव्हता.
राजारामपुरीत इंगवल्यांच्या माळ्यावर
पाच-सहा जोड मांडलेले, हिमालय बघून आलेले.
बुटाच्या आत आणखी एक बूट.
टोकाला आणि टाचेला खाच, लोखंडी काटे बसवायला.
सवयीनं मी दोन्ही हातांनी तळ वाकवायला गेलो.
ढिम्म.
इंगवले हसले: "वाकायचा नाहीच तो.
बर्फाच्या भिंतीत टोक रुतवून
त्याच्यावर उभं राहायचं असतं."
आमच्यात न वाकणारा माल परत जातो.

पहिला जोड तिच्या मापाचा. असा बसला
की मीच शिवला असता तर असाच शिवला असता.
"आता भिंतीला लाथ मार," इंगवले म्हणाले.
मारली.
"आता जिना उतर."
तिसऱ्या पायरीवर ती थांबली. "अंगठा लागतोय थोडा."
चावू दे आठ
एवढं माझ्या तोंडातून निघालंच होतं.
इंगवल्यांनी काही न बोलता
स्वतःचा उजवा मोजा काढला.
साडेतीन बोटं.
"मलाबी फिट्ट बसायचा," म्हणाले,
"दाबलेल्या पायात रक्त फिरत नाही, दादा."
मोजा परत चढवायला त्यांना वेळ लागला.
मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

मग एक नंबर मोठा. आत लोकरीचा जाड मोजा.
नाडी सोडून पाय पुढं रेटला,
टाचेमागं माझं बोट बरोबर मावलं.
नाडी आवळली, टाच जागची हलेना.
एवढं मला कळतं. टाच धरायची, बोटं सोडायची,
आमचा अंगठा आणि पट्टा दुसरं काय करतो?

तरी कोल्हापुरात थंडी कुठनं आणायची?
लक्ष्मीपुरीमागं जमीर बागवानाचा बर्फाचा कारखाना,
त्यानं लाद्यांवरचा भुसा झाडून दिला.
शलाका चढून उभी राहिली. अर्धा तास.
मी शेजारी, माझ्याच हातच्या कापशीत.
दहा मिनिटांत माझी बोटं कुठं गेली कळेना.
हमाल हसत होते,
एक म्हणाला, लिंबू-सोडा आणू काय?
"हलतात काय गं?"
"हलवतोय की मी, दहाच्या दहा."
"डावी करंगळी?"
"तीबी."

माझी कापशी भिजून फुगली.
ओलं पायतान उन्हात टाकू नका,
हे मी रोज सांगतो. मीच टाकलं. तडकलं.

जोड घेतला. किंमत तिच्या आईला अजून सांगितलेली नाही.
घोंगडीचे दोन तळवे कापले होते मी, आत घालायला,
तिनं घालून बघितले, काढून ठेवले.
"जागा खातात, बाबा."
बरोबर आहे तिचं.
ते दुकानात खिळ्याला लटकलेत.

कॅलेंडरचा कागद गल्ल्याखाली ठेवलाय.
पेन्सिलीची रेघ जरा पुसट होती,
काल रात्री शाईनं गिरवली.
दहा बोटं.
जाताना म्हटलं, आलीस की आधी दुकानात ये,
पाय परत टेकव ह्याच्यावर.
"कशाला?"
माप बदलतं, म्हटलं.