साठ यायला पाहिजे

रात्रीचे पावणेबारा, मानेवाडा, मे महिना.
कूलरची वाळ्याची ताटी सुकत आलेली.
टेबलावर निळा बोर्ड, स्कूटरची बॅटरी,
आणि भंगारातून वजनावर घेतलेलं स्पीडोमीटर,
काटा शून्यावर.

पडद्यावर चुका मोजणारा आकडा:
आठ, सोळा, चोवीस,
एकशे अठ्ठावीस.
तिथेच थांबतो.
ऐकणारं कुणीच नसेल तर बोर्ड बंद पडत नाही,
तोच निरोप पुन्हा पाठवतो, पुन्हा.
आमच्याकडे म्हणतात, पाठवून राहिला.
माझ्या पुण्याच्या जावेला हे क्रियापद चुकीचं वाटतं.

दुपारी सीताबर्डीत नेवारेकाका म्हणाले होते,
'दोन्ही टोकाले एकशे वीस ओहम पाहिजे, ताई.
नाही तं बोलणं धडकून वापस येते,
अन् आपलंच आपल्याले ऐकू येते.
एक तुमच्या बोर्डावर, एक मीटरच्या पोटात.
मोजून पाहा. साठ यायला पाहिजे.'
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला आणायला लावला.

बॅटरी काढून मोजलं. एकशे वीस.
म्हणजे दुसरं टोक जगात नाहीच.
कनेक्टर उघडला, एका पिनेवर हिरवी बुरशी.
जुन्या टूथब्रशनं घासली.
साठ पूर्णांक दोन.
मी एकटीच टाळी वाजवली.

आणि मग जास्तच बिघडलं.
आकडा एकशे अठ्ठावीस ओलांडून गेला,
दोनशे पंचावन्नच्या पुढे
बोर्डानं स्वतःलाच वाळीत टाकलं.
आता मीटर ऐकत होतं,
आणि ऐकून दर वेळी हरकत घेत होतं.

दीडला लाइट गेली.
गच्चीवरून गेडामबाई: 'तुमची बी गेली काय वो?'
'गेली!' मी.
'गेली!' कोपऱ्यावरचे उईके,
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
मग गल्ली निवांत झाली, जणू वीज आलीच.

मोबाइलच्या उजेडात, भिंगाखाली
क्रिस्टलच्या चांदीवर कोरलेलं: आठ.
माझ्या प्रोग्राममध्ये: सोळा.
महिनाभर मी निम्म्या चालीनं बोलत होते
आणि दोष मीटरच्या कानांना देत होते.

सोळा खोडून आठ केलं.
चाळीस पाठवले.
मीटरनं एक बिट खाली ओढला,
पोचलं, एवढंच. कळलं की नाही ते त्याचं तो बघेल.
काटा थरथरला,
आणि अंधारात, जागच्या जागी,
चाळीसच्या वेगानं निघाला.

खात्री नको? वायर उपटली.
आठ, सोळा, चोवीस, सरसर वर.
पुन्हा जोडली.
एकशे सत्तावीस. एकशे सव्वीस.
चढताना आठ आठ, उतरताना एक एक.
डोळ्यांना पुरतं दिसेना इतक्या भरभर उतरला,
तरी हिशेब तोच.

झोपायच्या आधी जावेला फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
चालते.