हातचा

दुकानात वीस काडतुसांची पेटी बेचाळीस डॉलर.
घरी भरलं तर एक पडतं नव्वद सेंटला,
असं थॉर्वल मला म्हणाला
भांडी पुसता पुसता,
म्हणजे यंत्र आधीच आलं होतं.

यंत्र, तराजू, साचे: सहाशे वीस.
मी वही काढली.
वर्षाला एक एल्क, तीन गोळ्या,
त्यात एक चुकलेली धरून.
पैसे वसूल व्हायला एकशे बहात्तर वर्षं.
बिटररूटच्या खोऱ्यात हवा चांगली आहे,
पण इतकी नाही.

"मग जास्त उडवू," तो म्हणाला.
तेव्हापासून दर रविवारी खडीच्या खाणीत चाळीस.
त्याच्या हिशेबानं अठ्ठेचाळीस डॉलर वाचतात.
माझ्या हिशेबानं छत्तीस जातात.
दोन्ही हिशेब बरोबर आहेत,
हीच तर पंचाईत.

आणि तळघरातल्या त्याच्या रात्री?
त्या कुठल्या रकान्यात?
माझ्या शेवयांच्या चाळणीत धुतलेलं पितळ,
दारूचा कण न् कण तोलताना
रोखून धरलेला श्वास.
हे विचारायलाच आज खाली उतरले,
मजुरीचा आकडा पाठ करत,

हातात चेरीच्या बरण्यांचा ट्रे.
एकतीस बरण्या. साखर, झाकणं, गॅस,
बिया काढून जांभळी पडलेली नखं.
दुकानात याहून स्वस्त मिळते चेरी,
लेबलासकट.

थॉर्वलनं चष्म्यावरून पाहिलं.
बरण्या मोजल्या असाव्यात, ओठ हलले.
मग फळीवरच्या काडतुसांच्या डब्या
थोड्या डावीकडे सरकवल्या.