दोन पॉइंट आठ

मे महिना. कूलरचा वाळा दुपारीच कोरडा पडतो.
सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या प्रयोगशाळेत
सहारेदादा मेसमधून झुरळं धरून आणतात,
श्रीखंडाच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून.

मी एकाची मिशी कापते.
टोकाशी थेंब येतो, लाल नाही,
पाण्यात कुणी हळदीचं बोट बुडवून काढावं
तेवढाच रंग.
"हे काय रक्त व्हय?" दादा विचारतात,
दर वर्षी, दर नव्या पोरीला.

काचपट्टीवर घड्याळ लावून बसते.
सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी फुटतात,
आपलं पोट रिकामं करतात,
आणि भोवती धागे, धाग्यांचं जाळं.
सुई लावली तर थेंब ओढला जातो तिच्यामागे
कच्च्या पाकासारखा.
मग हळूहळू काळवंडतो.

दुसऱ्या थेंबात सायट्रेट.
ते कॅल्शियम तेवढं धरून ठेवतं
आणि थेंब नुसता थेंब राहतो,
सही करा म्हटल्यावर
कागदाकडे बघत बसलेल्या माणसासारखा.
तिसऱ्यात फिनाइलथायोयुरियाचा कण:
हा गोठतो, पण काळा होत नाही.
चौथं झुरळ साठ अंशांच्या पाण्यात बुडवायचं,
पेशी जागच्या जागी थिजतात, फुटायचं राहूनच जातं.
"साठ?" दादा कपाळ पुसतात,
"आपलं त सत्तेचाळीसातच भागते, बापा."

शुक्रवारी मी मेडिकलच्या रांगेत.
आईचा नंबर एकशे बारा.
तिच्या छातीत धातूची झडप आहे,
रात्री लाइट गेली, पंखा थांबला, की ऐकू येते.
रक्त गोठू नये म्हणून अर्धी गोळी,
कधी पाऊण. पालक बंद. मेथी जपून.
"काय शिकते वं तू तिथं?"
"झुरळाचं रक्त कसं गोठते, ते."
पुढच्या चार बायका वळून बघतात.
आई कोपरात कापूस दाबून धरते,
दहा मिनिटं, पंधरा,
उचलून बघते, परत दाबते.

सोमवारी डबा उघडला.
मिशी कापलेलं ते अजून फिरतंय,
टोकाला राईहून बारीक काळा ठिपका,
बाकी काही झालंच नाही असं.
मी वही ओढते, वेळेच्या रकान्यात
कालपासून डोक्यात असलेला आकडा लिहून जाते.
सहारेदादा खांद्यावरून वाकून वाचतात:
"दोन पॉइंट आठ?
येवढ्या लवकर?"