टीप क्रमांक दोनशे बारा

माझं दुकान ऐरोलीत, सेक्टर तीन,
झेरॉक्सवाला आणि दातांची डॉक्टरीण यांच्या मधे.
फॉल-बीडिंग, ब्लाउज, चेन बदलून मिळेल.
वर पोटमाळा. तिथे माझा तन्मय आणि त्याची माणसं.
शनिवारी मालिकेचा नवा भाग येतो,
रविवारी ही पोरं त्याची पिसं काढतात.

दिवागावची हेमाली, रबाळ्याचा फैजान,
एका पडद्यापुढे तीन डोकी.
थांबव. मागे घे. अजून मागे.
सिंहासनावर कोरलेला मासा कुणीकडे बघतो,
म्हातारा राजा मरताना किती बोटं मिटतो,
दर भागात एक दिवा आधीच विझलेला का.
सगळं वहीत, क्रमांक घालून.
टीपा म्हणतात त्याला. झाल्या दोनशे अकरा.

मला हसू यायचं.
माझ्याकडे टीप म्हणजे मशीनची,
घातली, चुकली, उसवली, परत घातली.

हेमालीचा बाप हिवाळ्यात खाडीत होडी नेतो,
रोहित पक्षी दाखवायला.
ते माना उलट्या करून चिखलातून काहीतरी टिपत असतात,
काय, ते लांबून कळत नाही.
तो म्हणतो, लोकांना पंख दिसतान, मना चोच.

एका रविवारी चहा घेऊन वर गेले.
पडद्यावर राणी, नावेत पाय टाकता टाकता थांबवलेली.
फैजान समजावून सांगू लागला,
काकू, काळा झगा म्हणजे सुतक,
चांदीची किनार म्हणजे तिचं माहेर, चंद्राचं घराणं.
मी म्हटलं, असेल.
पण ही डाव्या बाहीची शिवण नंतरची आहे.

कशावरून?

दोरा बघ. काळाच, पण वेगळ्या रिळाचा.
आणि टाके कललेत उलटीकडे.
डावखुऱ्या बाईचा हात आहे हा.

पंख्याचा आवाज तेवढा.
मग हेमाली हळूच म्हणाली,
राणी उजव्या हाताने पेला उचलते.
मुकी दासी दिवा धरते डाव्या हातात.
चौथ्या भागापर्यंत बाही धड होती, त्यांनी तपासलं.
म्हणजे चिठ्ठी बाहीत शिवली आहे!
फैजान उठला तो छताला डोकं आपटून खाली बसला.

टीप क्रमांक दोनशे बारा.
पुढे माझं नाव, आणि नावापुढे 'अभ्यासक'.
ते मी खोडायला लावलं. शिलाई लिही म्हटलं.
त्या आठवड्यात दोन ब्लाउज बिघडवले,
लक्ष सारखं त्या बाहीत.

शेवटचा भाग आला.
राणी झग्यासकट बुडाली. बाही कुणी उघडलीच नाही.
दासीला तर एकही दृश्य नव्हतं.
पोरं बराच वेळ गप्प.
तन्मय म्हणाला, आई, शूटिंगमधे फाटला असेल,
कुणीतरी घाईत शिवला. गफलत आहे नुसती.
खोडून टाकतो.

खोडू नको.

कुठल्याशा थंड देशात, तंबूत,
बाहेर घोडे तयार, कुणीतरी ओरडतंय
आणि एक बाई ओठांत टाचण्या धरून
राणीच्या बगलेशी वाकलेली.
श्वास रोख हं, म्हणाली असेल, आपल्या भाषेत.
दोरा दातानेच तोडला असणार,
कात्री नेमकी त्या वेळी सापडत नाही.

नावं भराभर वर जातात शेवटी.
थांबव म्हटलं. मागे घे. अजून मागे.
कपड्यांच्या खात्यात त्रेचाळीस जणी आणि जण.
एकेक वाचून काढलं, फैजानने उच्चार सांगितले.
त्यातली कुठली, ते काही कळलं नाही.
टीप तशीच आहे वहीत, अर्थाची जागा मोकळी.

उद्या डॉक्टरीणबाईंचा एप्रन द्यायचाय.
खिशाच्या आत, अस्तराखाली,
मी एक टाका डाव्या हाताने घातला.
वाकडा आला. राहू दिला.